पहिल्याच संध्याकाळी हरून घ्यावं

भाचीला, तिकोला, समुद्रकाठच्या बातुमीला सोबत नेण्यात मझिया आत्याचा फायदा किती, ते आधी सांगून टाकलेलं बरं. हॉटेल फुकट, कारण पैसे भरणार गुराम, आणि गुराम भरणार तो तिकोसाठी. रूलेटच्या टेबलाशी उभं राहताना पर्स धरायला माणूस. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे खुद्द गुराम : कुटाइसीत फरश्यांची दुकानं, आई आत्याची शाळेपासूनची मैत्रीण, वय अडतीस, बोलणं जवळजवळ नाही. शनिवारी तो येणार, सगळे मिळून जेवणार आणि त्या जेवणात लग्नाचं पक्कं होणार. आत्याच्या मते पक्कं झालेलंच होतं, जेवण तेवढं बाकी होतं.

आणि औषधांच्या दुकानात नोकरीला असलेल्या तिकोचा फायदा? समुद्र. आणि शनिवारपर्यंतची मोकळीक.

मग सरळ नाही म्हणायचं ना, असं तुम्ही म्हणाल. म्हणून बघा तुम्ही! ज्याने आगगाडीची तिकिटं काढली, आत्याचा दात बसवून दिला, तिकोच्या भावाची फी भरली आणि एकदाही बोलून दाखवलं नाही, अशा माणसाला नाही कसं म्हणतात? गुराम वाईट असता तर तिको केव्हाच सुटली असती.

पहिल्या संध्याकाळी आत्या कॅसिनोत शिरली ती लग्नघरात शिरावी तशी, केसांना फवारा मारून. तिकोने कंटाळून आपली सगळी टोकनं एकदम लाल रंगावर ठेवली. गोळी फिरली, अडखळली... आणि काळ्यात जाऊन बसली.

"हरलात?" शेजारून आवाज आला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"अभिनंदन करायचंय." विस्कटलेल्या केसांचा, हातात एकही टोकन नसलेला एक माणूस तिच्याकडे बघून हसत होता. "मीही आत्ताच हरलो. ठरवून. सुट्टीत जेवढं हरायचं तेवढं पहिल्याच संध्याकाळी हरून घ्यावं. नाहीतर रोज वाटत राहतं – आज जिंकू, आज जिंकू – आणि समुद्र राहूनच जातो."

"आणि जिंकलात तर?"

"एका वर्षी जिंकलो. सगळी सुट्टी वाया गेली."

तिकोला हसू आलं. तिने ते आवरलं, पण अर्धंच.

तो वाझा. तेलावीकडचा, गुरांचा डॉक्टर. "माझे पेशंट बोलत नाहीत," त्याने खुलासा केला, "म्हणून सुट्टीत वर्षाचं सगळं बोलून घेतो."

आत्याला त्या रात्री थोडं यश आलं, म्हणजे पुढचे सगळे दिवस ती टेबलापासून हलणार नव्हती. पर्स तिने आता स्वतःच छातीशी धरली होती. तिको मोकळी झाली... आणि बातुमी म्हणजे काय ते तिला कळलं. सकाळी पायाला टोचणारे किनाऱ्यावरचे गोल दगड, आणि 'आई गं, आई गं' करत पाण्यात शिरताना कोपराला धरणारा एक हात. तापल्या वाळूत उकळलेली कॉफी. किनाऱ्यालगतच्या बुलेवारवर भाड्याच्या सायकलवरून जाताना मुद्दाम मागे राहणारा वाझा.

"मागे का राहता सारखे?"

"पुढून फक्त समुद्र दिसतो."

बातुमीचा पाऊस विचारून येत नाही. एका दुपारी तो असा कोसळला की दोघं बांबूच्या बनात पळाली, तिथून भिजतच एका खाणावळीत. समोर खाचापुरी आली. होडीच्या आकाराची भाजलेली रोटी, मध्ये वितळलेलं चीज, त्यावर अंड्याचा पिवळाधमक बलक. वाझाने कडेचं टोक मोडलं, बलकात घोळवलं आणि पहिला घास तिच्यापुढे धरला.

"तुमच्याकडे असं सगळ्यांनाच भरवता?"

"नाही. गाईंना चारा घालतो. त्या अशा नखरे करत नाहीत."

"मग गाईलाच घेऊन यायचं होतंस बातुमीला!"

...होतंस. शब्द तोंडातून गेला होता. तिकोच्या केसातून एक थेंब टेबलावर पडला. वाझाचे कान तेवढे लाल झाले.

"शनिवारी..." ती घाईने म्हणाली, "शनिवारी माझं लग्न ठरणार आहे."

वाझाने हातातला घास परत ताटात ठेवला. "माणूस... चांगला आहे?"

"फार चांगला आहे."

"मग अवघड आहे," वाझा म्हणाला. खाचापुरी दोघांनी मिळून संपवली, पण चव कुणालाच लागली नाही.

शनिवारी गुराम आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं – दोन गुच्छ, आत्याचा मोठा. बंदरावरच्या हॉटेलात मासे आले, अक्रोडाच्या चटणीतली वांगी आली, वाइनची सुरई आली. गुरामने उकाड्याचा म्हणून एक बिअर मागवली आणि त्या ग्लासाकडे बघत बसला. आत्या हवालदिल. आमच्याकडे जेवणाला तमादा लागतो. कोणासाठी प्यायचं आणि किती वेळ बोलायचं ते ठरवणारा तो. तमादाशिवाय मुलीचं ठरवलं तर लोक नावं ठेवतात.

"गुरामसाहेब काही बोलायचे नाहीत," आत्या पुटपुटली आणि तेवढ्यात तिला पलीकडे एकटाच मासा कोरत बसलेला वाझा दिसला. "अहो, तुम्ही! कॅसिनोत तोंड बंद नसायचं ते! या इकडे. जेवण आमचं, बोलणं तुमचं."

"आत्या, नको!" तिको म्हणाली.

"गप गं. असला बडबड्या पुन्हा मिळायचा नाही."

वाझा आला. शांततेसाठी प्याले उचलले, गेलेल्यांसाठी उचलले, आत्याच्या नव्या दातासाठीसुद्धा उचलले. तिको हात धुवायला म्हणून उठून गेली, परत आली. मग आत्याने टेबलाखालून वाझाला पायाने डिवचलं – आता जोडप्यासाठी!

वाझा उभा राहिला. तिकोकडे बघणं टाळून, गुरामकडे बघत तो बोलू लागला.

"गुरामसाहेब, मी यांना थोडेच दिवस ओळखतो. यांचं हसू लगेच येत नाही. अर्धं येतं... उरलेल्या अर्ध्याची वाट बघावी लागते. ती वाट बघायची संधी तुम्हाला मिळतेय. मी..." त्याने प्याला वर धरला. "मी तुमच्या भाग्यासाठी पितो."

आत्याने डोळे पुसले. सगळ्यांनी वाइन उचलली. आणि गुरामने – सावकाश, नीट बघून – बिअरचा ग्लास उचलला.

"अहो! अहो गुरामसाहेब, तो नव्हे!" आत्या किंचाळली. आमच्याकडे बिअर उचलतात ती वैऱ्याच्या नावाने, नाहीतर ट्रॅफिक पोलिसाच्या.

"कळतंय मला," गुराम म्हणाला. घाम फुटला होता त्याला. "या लग्नासाठी मला बिअरच उचलायची आहे. तिको, तुम्ही फार चांगल्या आहात. पण दुकानात लामारा आहे... हिशेब बघते. आईला सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून मी तुमच्यावर खर्च करत सुटलो. वाटायचं, निदान तेवढं तरी..."

एवढं लांब वाक्य तो जन्मात बोलला नव्हता. तिकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे. आणि दोघंही एकदम खो खो हसत सुटली. खांद्यावरचं पोतं खाली टाकल्यावर हमाल हसतात तशी.

"हसताय काय?" आत्या ओरडली. "गुरामसाहेब, तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"मी दाखवतो, आत्या. उद्याच." गुरामने बिअरचा मोठा घोट घेतला. आता त्याला भूकही लागली. वांगी त्याने एकट्याने संपवली.

निघताना तो गुपचूप गल्ल्याकडे सरकला. वाझाही त्याच क्षणी सरकला. "सोडा, मी भरतो." – "छे, तमादाने भरायचं नसतं." – "बिअरसाठी तरी भरू दे!" दोघांची ढकलाढकली सुरू झाली.

"भांडू नका," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "बिल भरलेलं आहे."

दोघांनी वळून आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" आत्या दचकली. "मी कधी भरलंय का?"

तिको दारात उभी राहून रेनकोटाची बटणं लावत होती.

"तू?" वाझा म्हणाला. "कधी?"

"हात धुवायला गेले तेव्हा. मला नाही म्हणायचं होतं. त्यांचंच जेवून कसं म्हणणार?"

"म्हणजे माझं भाषण व्हायच्या आधीच...? आणि मी तिथे मरत होतो!"

"छान मरत होतास. अडवावंसं वाटेना." ती थांबली. मग हसली... या वेळी पूर्ण. "तेलावीला औषधांच्या दुकानात माणूस लागतं का रे?"

"लागतं. नसलं तर दुकान काढू." त्याने तिचा हात धरला, आणि बाहेर पाऊस पडतच होता, म्हणून सोडला नाही.

तर हिशेब असा : गुरामला आईपुढे उभं राहायचं होतं, ते महाग पडणार होतं. आत्याची फुकटची खोली सोमवारपासून बंद. वाझाला काहीच द्यावं लागलं नाही. आणि मासे, वांगी, वाइन आणि ती एक बिअर – सगळं तिकोच्या पगारातून गेलं.

बिअरसाठी तिने वर बक्षीसही ठेवलं.