हैबतरावांचा आफ्रिकेला वळसा

"थांबलात व्हय, बाई? वाचा की पुढं," गोजराबाई म्हणाली.

दवाखान्यातल्या नर्स लीलाबाई पानाकडे नुसत्याच बघत राहिल्या.

मुळशीच्या हैबतरावांनी शिडाच्या होडीतून आफ्रिका खंडाला वळसा घातला, त्याचं हे छापील वर्णन. साठ साली पुस्तक निघालं, सत्कार झाले. सोबत गेलेला नथू मात्र परतला नव्हता. त्याच्या बायकोला, गोजराबाईला, अक्षर येत नव्हतं. लीलाबाई तिला वाचून दाखवत होत्या.

"'मला आता घराची ओढ नाही, असं म्हणून तापानं फणफणलेल्या नथूनं भर समुद्रात डोळे मिटले. दहाव्याला मी होडीवरच पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला.'"

"शिवणारच," गोजराबाई कोरडं हसली. "घराची ओढच न्हाई, मग जीव आडकतोय कशात?"

लीलाबाईंनी मागचं पान उलटलं. 'किनारा दिसेनासा होऊन महिना लोटला. एक पाखरूही नजरेस पडलं नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोलीस पाटील भैरूला गाठलं.

"पाटील, नथू गेला असं पुस्तकात लिहिलंय, त्या उन्हाळ्यात गावात कोण वारलं होतं?"

"कुणीच न्हाई. पर धरणाच्या पल्याड, पडक्या झोपडीम्होरं, पिंडाची पत्रावळ दिसली हुती. मयत न्हाई आन दहावा कुणाचा, कळंना."

"चौकशी नाही केलीत?"

"जेवणाचं आवतनच न्हाई, तर इचारू कुणाला?"

दुपारी गोजराबाईला घेऊन दोघं हैबतरावांच्या ओसरीवर गेले. हैबतराव सुपारी कातरत होते.

"भर समुद्रात पाखरं दिसली का हो?" लीलाबाईंनी विचारलं.

"एकसुद्धा नाही. लिहिलंय मी तसं."

"मग पिंडाला शिवलेला कावळा कुठला?"

अडकित्ता थांबला. "असेल, किनाऱ्यावरून आलेला."

"किनारा सुटून महिना झाला होता. तेही तुम्हीच लिहिलंय."

हैबतरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मग मी सांगते. तुम्ही आफ्रिकेला गेलाच नाहीत. समुद्र, वारे, बंदरं, सगळं इतरांची पुस्तकं वाचून उतरवलंत. नथूचा दहावा मात्र स्वतः केलात, धरणाच्या पल्याड. आपल्याकडं पिंड म्हटला की कावळा आलाच. लिहितानाही तो आला, आणि तिथं समुद्र आहे हे तुम्ही विसरलात. नथू तापानं गेला असता तर त्याला घरी आणला असतात. लपून दहावा कोण करतं, हैबतराव?"



"मुंबईला होडीत बसलो आणि धीरच सुटला," हैबतराव हळू म्हणाले. "गावानं हार घालून पाठवलेलं. कुठल्या तोंडानं परतणार? म्हटलं, झोपडीत लपू, पुस्तक लिहू, मग उजळ माथ्यानं येऊ. नथूनं कळ काढली, पण शेवटी ऐकेना. धरणाकाठी बांधलेलं होडगं सोडायला लागला. मी मागं खेचला, तर डोकं दगडावर आदळलं."

"आन मग?" भैरूनं विचारलं.

"श्वास नव्हता. पाण्यात सोडला. पिंड तेवढा ठेवला."

भैरूनं त्यांचा दंड धरला. "चला."

गोजराबाई ओसरीच्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"होडगं सोडून कुटं निघाला हुता?"

"घरी."

"काय म्हनला?"

हैबतरावांची मान वर होईना. "गोजरा वाट बघत असंल, म्हणाला."

तिनं पदर तोंडाशी दाबून धरला. मग सोडला.

"त्याला घराची ओढ न्हाई, ह्ये तुमी छापून गावभर केलंत. आता चावडीत, समद्यांम्होरं, ह्येबी सांगा. मोठ्यानं."

आणि ती वाटेतून बाजूला झाली.