तालमीत न बोलायचं वाक्य

पोलिसांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, पोरींनो. चार इयत्ता शिकलेली, नाटकवाल्यांचे घामट कपडे धुणारी बाई. हिचं कोण ऐकतो?

मी घसा फोडून सांगत होते, आमच्या नॉरिसने नाटकाच्या नायिकेला, रोवेनाबाईंना मारलं नाही. नॉरिस माझा धाकटा भाऊ. स्टेजच्या वर, माळ्यावर बसून पडद्याचे दोर ओढायचा. बाई त्याला माकड म्हणायच्या. सगळे हसायचे, तोही हसायचा. सेट दाबून ठेवायच्या लोखंडी वजनाने कुणीतरी विंगेत बाईंचं डोकं फोडलं, तेव्हा साडेसात वाजले होते. नॉरिस तेव्हा माझ्या घरी मासा-बटाटे खात होता, हीच माझी जबानी. ती मोडली तर त्याला जन्मठेप. तोवर पुरावा नाही म्हणून त्याला मोकळं ठेवलं होतं.

माझ्या मते हे काम बाईंच्या नवऱ्याचं. डेस्मंड, आमचा नायक. त्याने बाईंच्या दंडावर उठवलेले वळ मीच पावडरीने झाकायचे.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, चौदा नोव्हेंबरला, स्कारबरोच्या थिएटरात संध्याकाळी सातला रंगीत तालीम होती. बाईंच्या जागी इंग्रिड नावाची पोर. तिला झगा टाचून द्यायला मी विंगेत गेले.

"मेलेल्या बाईचा झगा घालू, मावशी?"

"तू मेलीस की तिसरीला देईन. सरळ उभी राहा."

नाटकात नायिका मरताना खुन्याचं नाव घेते, तेच शेवटचं वाक्य. पण प्रेक्षक बसल्याशिवाय शेवटचं वाक्य आमच्यात कुणी उच्चारत नाही. अपशकुन असतो. तिथे गप्प राहायचं आणि माळ्यावरून नॉरिसने पडदा पाडायचा.

डेस्मंडने नाटकातल्याप्रमाणे इंग्रिडचा गळा आवळला. ती कोसळली. सगळे गप्प...

पडदा पडेना.

तिच्या केसांतून रक्त आलं. डोकं कुठे आपटलं नव्हतं. तरी रक्त. कपाळावर, गळ्यावर, झग्यावर. ती उठून बसली.

"इंग्रिड, पुरे आता..." डेस्मंड मागे सरकला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मान वर केली. माळ्याकडे.

बाई मेल्या, त्या संध्याकाळी मासा ताटात गार झाला होता. नॉरिस नऊला आला. हात धुतले. पुन्हा धुतले... मी विचारलं नाही.

नंतर डॉक्टरला पोरीच्या डोक्यावर ओरखडासुद्धा सापडला नाही. झग्यावरचा डाग मात्र अजून आहे. मी इतकं धुऊनही.

पण तेव्हा, माळ्याकडे बघत, ओठ इंग्रिडचे हलले. आवाज रोवेनाबाईंचा.

"नॉरिस पिकर्सगिल."