राखून ठेवलेला हात

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत दुपारची जेवणं उरकली की माणसं हातात करडा मोजा चढवून आडवी व्हायची. नवख्या पाहुण्याला हसू येई, पण गल्लीला त्याचं आता काही वाटत नव्हतं. कुणी झोपेत भोपळा कोरायला शिकत होतं, कुणी लाकडावर नक्षी काढायला. झोपलेल्यांची बोटं पोटावर हलकेच हलत राहत, आणि मिटल्या डोळ्यांआड काय चाललंय ते ज्याचं त्याला ठाऊक.

कारागिराच्या हाताचा दाब, वेग, कोन हा मोजा टिपून घेई. त्या टिपणाला म्हणत स्पर्शलेख. तोच लेख दुसऱ्याच्या हातात झोपेत उतरवला की त्या हाताला सवय लागे, आणि झोपलेला मेंदू त्या हालचालींभोवती आपलं एखादं स्वप्न रचून टाके.

अनीसाच्या स्वप्नात रोज तंबोऱ्याची घोडी असायची. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. तिच्या पाठीला कानशीनं केसभर उतार द्यायचा. तो जमला की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. तीच जवारी. स्वप्नात कानस धरलेला हात अब्बांचा असायचा, दस्तगीरमियांचा, पक्षाघात होण्याआधीचा. ऊन कलतं झालेलं असे, हाडाची भुकटी हवेत तरंगत असे, आणि तो हात तिच्या हाताच्या आत शिरून काम करी. जाग आली की समोर बाजेवर अब्बा बसलेले दिसत, उजवा हात मांडीवर निपचित. मग तिला भडभडून येई.

हा लेख तिला सुखासुखी मिळाला नव्हता. तो टिपला होता एका परदेशी कंपनीनं, आणि टिपून कुलूपबंद केला होता. पुढे कंपनी बुडाली. त्याच वर्षी अब्बांचा हात गेला. तेव्हा धावून आली तृप्ती कोळेकर, अनीसाची शाळेतली मैत्रीण. ती तंत्रनिकेतनात शिकवायची. तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी खपून मोज्यांसाठी स्वतःची मुक्त प्रणाली लिहिली: कुणीही उघडून बघावी, बदलावी, आणि बदललेली पुन्हा सगळ्यांना द्यावी. त्या प्रणालीनं जुना लेख उघडता येत होता. अट एकच, उघडलेलं मग सगळ्यांचं.

“घरची विद्या चव्हाट्यावर मांडू?” दस्तगीरमियां भडकले होते.

“चाचा, कुलपात ठेवलीत तेव्हा काय झालं? कुलूप राहिलं, घरमालक पळाला.”

त्यावर म्हातारा लगेच “करा” म्हणाला. एवढा हट्टी माणूस इतक्यात कसा वाकला, याची शंका अनीसाला तेव्हाच यायला हवी होती!

कारण तिची जवारी काही केल्या उघडेना. कानस बरोबर, कोन बरोबर, आणि तार मात्र बद्द वाजायची. शेवटी एका सकाळी तिनं कानस फेकून दिली.

“माझ्याच हातात खोट आहे, अब्बा. कारखान्याला टाळं लावू या.”

दस्तगीरमियां म्हणाले, “खोट तुझ्यात नाही, बेटा. तालमीतला उस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. त्या कंपनीवाल्यांसमोर मीही कानशीचा शेवटचा हात राखला. म्हटलं, तो तुला समोर बसवून देईन. अल्लानं हातच उचलून नेला.”

“मग तोंडी सांगा ना!”

“तोंडी सांगता आला असता तर राखावा कशाला लागला असता?”

अनीसा संतापानं उठून गेली. तृप्तीनं मात्र जगाला सरळ कळवून टाकलं, या लेखात शेवटचा हात नाही, जमेल त्यानं आपला भरावा. कुठून कुठून हात यायला लागले. बरेचसे उगाच. मग एक आला बांगलादेशातून, अफाट नदीकाठच्या राजशाहीहून. लोपा नावाची तंबोरे करणारी पोरगी, डावखुरी. तिनं अख्खा लेखच आरशात पाहावा तसा उलटवून डाव्या हातात घेतला होता, आणि शेवट आपल्या मनानं केला होता.

तृप्ती धावतच आली. “चाचा, डावा हात धड आहे ना तुमचा?”

त्या दुपारपासून दस्तगीरमियां डाव्या हातात मोजा घालून झोपू लागले. एकदा जागे होताच ते तृप्तीला म्हणाले,

“केवढी नदी होती गं! पलीकडचा काठ दिसेना.”

“लेखात नदी नसते, चाचा. ती तुमच्या मनानं आणली.”

“माझ्या मनात आपली कृष्णा आहे. एवढी नदी मी जन्मात बघितली नाही.”

पावसाळा सरता सरता त्यांनी डाव्या हातानं एक घोडी पुरी केली. अनीसानं तार छेडली, आणि खोली भरून गेली. ती रडायलाच लागली. दस्तगीरमियां डोळे मिटून ऐकत होते.

“गोड आहे राजशाहीच्या पोरीची जवारी. पण आमची नव्हे.” त्यांनी घोडी पुन्हा पुढ्यात ओढली, कानस उचलली. ती डाव्या हातात कशी बसलीय ते बघून अनीसाला कळून चुकलं. राखलेला हात आता त्यांना जमणार होता.

त्यांच्या डाव्या हातातल्या मोज्यावरचा हिरवा ठिपका जळत होता, म्हणजे मोजा टिपत होता. एकदा टिपला गेला की तो हात घरचा राहणार नव्हता, साऱ्या मुलखाचा होणार होता. तिनं हळूच विचारलं, “अब्बा, मोजा काढू? मला समोर बसून शिकवा, पाहिजे तर.”

म्हाताऱ्यानं त्या ठिपक्याकडे बघितलं, मोजा हातात तसाच राहू दिला. मग कानस घोडीवर टेकवत म्हणाला,

“राजशाहीची ती पोरगी आता झोपली असेल का गं?”