काकांचा काढा

आता रुग्णवाहिकेत माणूस सहसा मरत नसे. त्याला फक्त त्या दिवशीचं काही आठवत नसे. हे श्रेय विरामकाचं. हृदय थांबलं की उपाशी मेंदू झपाट्यानं मरू लागतो. विरामक त्याचं कामच तेवढ्यापुरतं बंद पाडतं. मेंदू वाचतो, ताज्या आठवणी जातात.

"आठवण म्हणजे विरजण हो," हे औषध शोधणारे डॉ. पेंडारकर गाडीतल्या पडद्यावरून नातेवाइकांना समजावत. "लागायला काही तास जातात. आम्ही भांडं हलवतो. आधीचं दही शाबूत!"

लोक माना डोलवत. जीव वाचतोय म्हटल्यावर एका सकाळचं काय घेऊन बसायचं?

रुग्णवाहिकेवरच्या मृदुला खिलारेचा विश्वास मात्र पडताळ्यावर. एकानं औषधाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, दुसऱ्यानं तेच मोठ्यानं म्हणायचं, मगच सुई. ही खोड इतकी मुरली होती, की भाजीवाला "मेथी" म्हणाला तरी ती "मेथी" म्हणून मोकळी होई.

पुसेगावहून साताऱ्याला निघालेल्या गाडीत विश्वंभर ओतारी झोपले होते. गुळाचे व्यापारी, मागेपुढे कोणी नाही. होता तो एक पुतण्या, हेमराज. तो मांडीवर थर्मास घेऊन शेजारी बसला होता. काकांनी मृदुलाला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. तिनं सवयीनं ते खणखणीत आवाजात परत म्हटलं.

"हेमराजनं काढ्यात कण्हेर घातली."

हेमराजनं थर्मासचं झाकण आणखी घट्ट केलं. "वय झालं, ताई. काहीबाही बोलतात."

तेवढ्यात यंत्र कोकललं. काकांचं हृदय थांबलं होतं.

मृदुला छाती दाबू लागली. "अ‍ॅड्रेनॅलिन."

"अ‍ॅड्रेनॅलिन," पडद्यावरून डॉक्टर म्हणाले.

ठोके परतले, लंगडत लंगडत. आता विरामकाची पाळी. तिचा हात अडला.

"सर, हे नाही दिलं तर?"

"जगले तरी कुणाला ओळखणार नाहीत. बोलणं तर दूरच."

"आणि दिलं तर?"

"ठणठणीत! आजचा दिवस सोडून."

"द्या की हो ताई!" हेमराज रडू लागला, अगदी खरंखुरं. "माझ्या काकांना वाचवा!"

इतक्या कळकळीची विनवणी मृदुलानं कधी ऐकली नव्हती. म्हणूनच तिला ती खटकली. काका गेले, तर तिच्या सांगण्यावरून शवविच्छेदन होणार होतं. जगले, तर कोण कशाला तपासतंय?

"विरामक," ती म्हणाली.

"विरामक."

सुई गेली.

साताऱ्याच्या रुग्णालयात मृदुलानं तक्रार केली, तेव्हा हवालदार म्हणाले, "पेशंटला शुद्धीवर येऊन सांगू द्या." रक्तातलं विष तपासायला नातेवाइकाची संमती हवी होती, आणि नातेवाईक एकच होता. थर्मास तोवर घासूनपुसून लख्ख झाला होता.

काका उठून बसल्याचं कळलं तशी मृदुला वॉर्डात गेली. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"मी असं म्हणालो?" काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "बाई, हा पोरगा गाडीत माझ्यासाठी ढसाढसा रडला. खुद्द डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या घरात काडी टाकून तुम्हाला काय मिळायचंय?"

"जाऊ द्या काका, त्यांनाही तुमची काळजी," हेमराज मायेनं म्हणाला. त्यानं थर्मास उघडला आणि पेला भरला. गाडीतला रिवाज त्यानं बरोबर उचलला होता.

"काढा," तो मोठ्यानं म्हणाला.

"काढा," काका हसले.

मृदुलानं पेल्याकडे झेप घेतली. काकांनी तिच्याकडे संशयानं बघत पेला पलीकडे नेला आणि एका दमात संपवला.