काळ्या शाईतली वर्तुळं

"मीच काढ्यातून नवऱ्याला विष घातलं म्हणतात. लोपितालात डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत," बसंती म्हणाली. प्लेन मान्येन गावाहून ती थेट रोझ बेलला चंद्रमोहनकडे चालत आली होती.

चंद्रमोहन पूर्वी प्रयोगशाळेत होते, आता खासगी तपास करत. त्यांचा कंपाउंडर मित्र बलराम मनात म्हणाला, काढा हिनंच पाजला ना? मग शोधायचं काय?

"काढा कधी दिलास, पोरी?" चंद्रमोहननी विचारलं.

"गणपती विसर्जनानंतर. तोवर मी माहेरी होते, पलीकडच्या सुरिनाम गावात."

इस्पितळाच्या व्हरांड्यात सासू भगवती डोकं धरून बसली होती.

"काकी, देवराजचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"गणपती बसले त्या दिसापासनं. असा लेक मिळायचा नाय, बाबा! त्याच्याआधी माळ्यावरची माझ्या कबुतरांची घाण एकट्यानं उपसली. धुळीनं पांढरा झालता."

बलरामाला गहिवरून आलं. चंद्रमोहन डॉक्टरांकडे वळले.

डॉक्टर म्हणाले, "मणक्यातल्या पाण्यात पेशी दिसल्या. मेंदूचा क्षय समजून महिनाभर सुया दिल्या, पण गुण नाही. त्यात आईनं विषाचा धोशा लावला."

चंद्रमोहननी त्या पाण्याच्या थेंबात नकाशे काढायच्या काळ्या शाईचा थेंब मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग सगळ्यांना बोलावलं.

"डॉक्टर, बघा. सगळं काळं, पण प्रत्येक गोल पेशीभोवती स्वच्छ कडं. या क्षयाच्या पेशी नव्हेत, ही बुरशी आहे; तिच्या जाड कवचात शाई शिरत नाही. डोकं दुखायला लागलं गणपती बसले तेव्हा, काढा दिला विसर्जनानंतर. फांदी आधीच तुटली होती, कावळा नंतर बसला."

"पण बुरशी आली कुठून?" बलरामानं विचारलं.

चंद्रमोहन भगवतीकडे न बघता म्हणाले, "कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत ती वाढते. धुळीबरोबर छातीत जाते, तिथून मेंदूत."

बोलावं की नाही, असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. पण न बोलता बसंती सुटली नसती.

"औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "परदेशातून विमानानं मागवावं लागेल. आठवडा लागेल. देवराजकडे दोन दिवससुद्धा नाहीत. त्याची नजर कालच गेली."

बलरामाला स्वतःची लाज वाटली.

बसंतीला आत सोडलं. तिनं देवराजचा हात धरला. तो पुटपुटला, "आई?"

ती तशीच बाहेर आली. भगवती भिंतीला टेकून बसली होती.

"चला आई, ते तुम्हांला हाक मारतायत."

"मी कुठल्या तोंडानं जाऊ गं?"

"त्यांना तोंड दिसत नाही, आई. नुसता हात धरा."