पहिल्या ढिगाचा भाव

"ती ढिगावरून उठायला तयार नाही," बाजार समितीचे सचिव फोनवर म्हणाले. "तुम्ही आत्ताच्या आत्ता या."

बाजाराच्या तपासनीस बाईंना सगळं आवार पाठीमागे शंकाबाई म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. त्या पोचल्या तेव्हा भर उन्हात कांद्याच्या ढिगावर एक शेतकरीण मांडी ठोकून बसली होती. तिच्यापुढे तीन चिरलेले कांदे पडले होते, तिन्ही आतून काळे.

नव्या हंगामाचा पहिला दिवस, आणि पहिला ढीग तिचा. लिलाव पुकारणाऱ्याने रिवाजाप्रमाणे ढिगातले तीन कांदे उचलून सर्वांसमोर चिरले, आणि तिन्ही नासके निघाले. बोली धाडकन निम्म्यावर आली. पहिल्या ढिगाचा भाव तोच दिवसाचा भाव, हा इथला अलिखित कायदा. त्यामुळे मागच्या गाडीवाल्यांचेही चेहरे उतरले होते. त्यात सचिवांनी सुनावलं होतं, की नासका माल दडवून आणल्याचं खरं ठरलं तर बाईला आवारात कायमची बंदी.

शंकाबाईंनी फोडी हातात घेतल्या. साल दमट होती, बोटाला चिकटत होती. काळ्या गराच्या मधोमध हिरवा कोंब होता. त्यांनी फोडी रुमालात बांधल्या आणि त्या शेतकरणीकडे वळल्या.

"कांदा काढला कधी?"

"आत्ताच. वाळवला आणि थेट आणला," शेतकरीण म्हणाली.

"गाडी कोणी भरली?"

"माझ्या दिराने."

दीर शेजारीच उभा होता. मिळेल त्या भावात देऊन टाका, वहिनी, चारचौघांत शोभा नको, असं तो मघापासून तिला विनवत होता. गर्दीत घरच्या भेद्याची कुजबुज सुरू झाली. वहिनीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि ती आणखी घट्ट बसली.

"ढिगाला हात कोणी लावला?"

"पुकारणाऱ्यांनी. दुसऱ्या कोणी नाही."

पुकारणारा एवढ्या उन्हातही काळा कोट घालून उभा होता. पदाचा मान राखावा लागतो, असं त्याचं म्हणणं. कांदे आपण डोळे मिटून उचलले, आपलं कुणाशी ना देणं ना घेणं, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

इतर व्यापाऱ्यांसोबत सावलीत बसलेल्या बड्या व्यापाऱ्याला, म्हणजे शेठना, हा सगळा वेळकाढूपणा वाटत होता.

"शेठ, तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या हंगामाचा माल आहे?"

"आहे थोडा."

"आणखी कुणाकडे?"

"या बाजारात? कुणाकडेच नाही," शेठ मिशीतल्या मिशीत हसले.

शंकाबाईंनी मग गर्दीलाच सांगितलं, की ज्याला वाटेल त्याने वाटेल तो कांदा उचलून चिरावा. सुऱ्या, विळे बाहेर निघाले. बघता बघता सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एकही कांदा काळा निघाला नाही, एकातही कोंब नव्हता.

"नवा कांदा झोपलेला असतो," शंकाबाईंनी रुमाल सोडला. "त्याला इतक्यात कोंब फुटत नाही. हे तीन गेल्या हंगामाचे आहेत. थंडीतून एकदम उन्हात आले, म्हणून साल ओली. काळं दिसलं आणि आपण सगळे तिथेच थांबलो, मधलं हिरवं कोणी बघितलंच नाही. जुना कांदा कुणाकडे आहे, ते शेठनी आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

"दिराने मिसळले असतील," सचिव म्हणाले.

"मग अख्ख्या गाडीतले नेमके तेच तीन डोळे मिटून हाती कसे लागले? ते ढिगात नव्हतेच, साहेब. पुकारणारे, कोट काढा."

कोटाचं अस्तर ओलं होतं. खिशात कांद्याची साल होती. पुकारणाऱ्याचं अवसान गळालं. पहिल्या ढिगाचा भाव पाडला की दिवसाचा भाव पडेल, मग शेठ हवा तेवढा माल निम्म्या भावात भरतील, असं ठरल्याचं त्याने कबूल केलं.

शेठ उठले. आज आपली माणसं बोलीच लावणार नाहीत, ज्याने त्याने आपला कांदा घरी न्यावा, असं त्यांनी जाहीर केलं. लिलाव पुकारायलाही आता कोणी नाही, असं सचिव पुटपुटले.

"मी आहे की," म्हणत शेतकरीण ढिगावर उभी राहिली. तिने आपल्या कांद्याचा भाव खणखणीत आवाजात पुकारला, सकाळी निम्म्यावर येण्याआधीच्या बोलीपेक्षाही चढा.

"वहिनी, एवढ्याला कोण घेणार?" दीर हळूच म्हणाला.

"नाही घेतला तर परत नेऊ. पण आज पहिला भाव माझा."

मागच्या गाडीवाल्याने तोच भाव पुकारला. त्याच्या मागच्यानेही. तो आकडा रांगेतून फाटकापर्यंत गेला. सावलीतला एक छोटा व्यापारी शेठकडे न बघता उन्हात आला आणि त्याने हात वर केला.