विषयाची ओळ

लिफ्टमध्ये ती फोनवर बोलत होती आणि आवाज जरा चढलेलाच होता.

"वहिनी, आज त्या ईमेलवाल्याला मी सोडत नाही. इतके मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. माणूस आहे की दगड?... हो, जेवायला घरीच येते. ठेवते."

शेजारी कागदी कपात चहा घेऊन उभा असलेला तरुण मजल्यांच्या आकड्यांकडे एकटक बघत राहिला. लिफ्ट थांबली तसे दोघंही उतरले. ती डावीकडे वळली, तोही वळला. काचेच्या दारापाशी ती अडली, तेव्हा त्यानं खिशातून कार्ड काढून दार उघडलं आणि तिच्यासाठी धरून ठेवलं.

"या," तो म्हणाला. "तो दगड मीच."

तिचे कान तापले, पण माफीबिफी तिनं मागितली नाही. "बरं झालं. शोधायचा त्रास वाचला."

ती रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची मेलिंग लिस्ट तिच्याकडे असे; तिचा प्रोग्रॅम सांभाळायचं काम या ऑफिसकडे होतं. एका पत्त्यावर मेल टाकला की तो गावभर विखुरलेल्या सगळ्या दात्यांना जायचा आणि तासाभरात कुणी ना कुणी यायचंच. हल्ली मात्र कुणी फिरकेना. फोन केला तर लोक म्हणायचे, मेल आलाच नाही. मागच्या आठवड्यात एका लहान मुलीचं ऑपरेशन त्यापायी पुढे ढकलावं लागलं होतं. मुलीच्या आजोबांना ते सांगायचं काम हिच्यावर आलं होतं, आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

हे सगळं तिनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. चहा बाजूला ठेवून त्यानं नको असलेल्या मेलचा ढीग उपसायला घेतला, आणि तिचे सगळे मेल तिथं सापडले.

"मदतीचा पत्तासुद्धा लिस्टच्याच प्रोग्रॅमवर चालतो," तो ओशाळून म्हणाला. "म्हणजे तक्रारीलाही तोच आजार झाला. हे बघा."

मेलच्या सुरुवातीला अगम्य अक्षरांची रांग होती. मग तारीख, कुठले कुठले पत्ते, आणि पार खाली तिचा मजकूर.

"हे असलं काय आहे? मी नाही लिहिलं."

"हे हेडर. पाकिटावरचा मजकूर समजा. कुणाकडून, कुणाला, कधी, कशाबद्दल. तो संपला की एक रिकामी ओळ येते आणि मग पत्र सुरू होतं. इथं ती रिकामी ओळ मध्येच कुठंतरी घुसलीये. त्यामुळे अर्धं पाकीट पत्रात सांडलंय. असा मेल आला की समोरचं मशीन म्हणतं, हा कुणीतरी भामटा दिसतो."

"पण काही मेल जातात की नीट."

"तेच तर कळत नाहीये."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. पोहोचलेले मेल एका बाजूला, हरवलेले दुसऱ्या बाजूला, असे तिनं त्याला पडद्यावर लावायला सांगितले. रक्ताचे नमुने जुळवायची सवय; डोळे आपोआप फरक शोधत होते.

"विषय बघा," ती म्हणाली. "गेलेत त्यांचे विषय आखूड आहेत. अडकलेत त्यांचे लांब."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"लोक मेल उघडत नाहीत," ती घाईनं म्हणाली. "म्हणून मी गट, मजला, फोन नंबर, सगळं विषयातच लिहायला लागले. म्हणजे... हे माझ्यामुळेच झालं?"

"नाही हो. तुम्ही शहाणपणाचंच केलंत. विषय लांबला की प्रोग्रॅमनं ती ओळ दुमडून खाली घ्यायची असते. हा दुमडताना मध्ये एक ओळ रिकामी सोडतोय. चूक त्याची आहे."

"मग मी आपलं आखूड लिहू?"

"सध्या तसंच करा. पण मला हे मुळातून काढायचंय. उद्या दुसरं कुणीतरी घाईत लांबलचक लिहील, त्याला काय माहीत?"

हे वाक्य ती घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

चाचणीसाठी त्यानं एक वेगळी लिस्ट केली. तिच्यात दोघंच – तो आणि ती. "मजकूर नको," त्यानं बजावलं होतं. "फक्त विषय, आणि तो भरपूर लांब. माझं उत्तर फुटलंच तर नको असलेल्या मेलमध्ये बघा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं लिहिलं: "लांब लिहा म्हणालात पण लांब काय लिहायचं ते सांगितलं नाहीत म्हणून कळवते की आज आमचा फ्रीज शिटी वाजवतोय."

उत्तर आलं: "तुमचा विषय 'लांब काय' इथं फुटला पण शिटीची बातमी पोहोचली, फ्रीजला माझा नमस्कार सांगा."

मग ते रोजचंच झालं. तो प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदलायचा, ती नवा विषय पाठवायची. त्याचे सहकारी त्याला पोस्टमास्तर म्हणतात, हे तिला अशाच एका ओळीतून कळलं. दादा-वहिनीकडं राहायला आल्यापासून वहिनी तिचा डबा भरते आणि त्यात कारलं लपवते, हे त्याला कळलं. त्याला रक्त बघवत नाही, हेही एका ओळीत आलं आणि ती प्रयोगशाळेत एकटीच हसली.

"कुणाचा मेल गं?" वहिनीनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"चाचणी चालू आहे."

"ते दिसतंय. कुणाची, तेवढं सांग."

आणि मग एका सकाळी ओळ फुटली नाही. अख्खा विषय, शेवटच्या अक्षरापर्यंत, सरळ तिच्या पडद्यावर उतरला: "झालं बहुतेक, आता कितीही लांब लिहिलंत तरी तुटणार नाही, पण आता लिहाल की नाही कोण जाणे."

तिनं उत्तर लिहायला घेतलं... आणि खोडलं. चाचणी संपली होती. आता निमित्त कुठून आणायचं? त्याच्याकडूनही पुढं काही आलं नाही. दिवस नेहमीसारखे जाऊ लागले आणि तिला ते अजिबात आवडेना.

त्यानंतर एका दुपारी बाळंतपणाच्या वॉर्डातून निरोप आला. रक्तस्राव थांबत नव्हता, गट दुर्मीळ, साठ्यात एकच पिशवी. तिनं लिस्टला मेल टाकला. विषय लांब, सगळं त्यातच. मग हात धुऊन ती नमुना जुळवायला बसली. फोन ड्रॉवरमध्ये थरथरत राहिला; बघायला वेळ नव्हता.

पहिला दाता शिंपी होता, गळ्यात टेप तसाच. त्याच्यामागं शाळेतल्या एक बाई, मग काठी टेकत एक आजोबा – आता वयामुळं रक्त देता येत नाही म्हणून आपल्या लेकीला घेऊन आलेले. संध्याकाळ व्हायच्या आत वॉर्डातून नर्सचा फोन आला: बाई सावरली, बाळही छान आहे.

ती हातमोजे काढत बाहेर आली, तर बाकाच्या टोकाला तो बसलेला. पांढराफटक. नजर जमिनीला चिकटलेली, कारण समोरून रक्ताच्या पिशव्यांचा ट्रे चालला होता.

"तुम्ही? इथं?"

"लिस्टवर मेल गेलेला दिसला. विचारायला फोन केला, तर तुम्ही उचलेनात... वाटलं, परत फुटला. परत कुणाला काही झालं असेल, आणि ते माझ्यामुळे." त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि भिंत धरली.

तिनं त्याला दंडाला धरून मोकळ्या कॉटवर आडवं केलं आणि पायाखाली दोन उशा सरकवल्या.

"मेल पोहोचला," ती म्हणाली. "सगळ्यांना. ती बाई वाचली. पाय खाली घेऊ नकोस."

तो छताकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "नकोस?"

तिच्याही आत्ता लक्षात आलं. तिनं त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला घेतला, म्हणजे चेहरा खाली घालता येईल.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "उभ्यानं सांगणार होतो."

"सांग. आडव्यानंही ऐकू येतं."

"तू आवडतेस मला. प्रोग्रॅम खरं तर आठवडाभर आधीच दुरुस्त झाला होता. मीच तुला सांगितलं नाही... म्हणजे दात्यांची लिस्ट तेव्हाच दुरुस्त करून टाकली होती, ती अडवली नाही. आपली दोघांचीच तेवढी मुद्दाम फुटत ठेवली."

तिनं पंप दाबायचा थांबवला. रागवावं असं क्षणभर वाटलं, पण राग काही केल्या येईना.

"बदमाश," ती म्हणाली. "आणि मी वेडी, रोज जेवण सोडून लांब लांब विषय शोधत बसायचे."

"का बसायचीस?"

"रक्तदाब मोजताना बोलायचं नसतं."

"तू बोलतेयस की."

"माझा कुठं मोजतेय मी?" ती म्हणाली, आणि त्यानं कॉटच्या कडेशी पसरलेला हात तिनं धरला. रक्तदाब बघायचा राहूनच गेला.

लेकीची वाट बघत बसलेले आजोबा काठीवर हनुवटी टेकून हे सगळं मन लावून पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"हेपण दाते का हो, बाई?"

"नाही आजोबा," ती हात न सोडता म्हणाली. "हे माझ्यासाठी आलेत."